भूल मानवत नाही

२ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता कपाटावर टाकशील, असं वहिनीचं म्हणणं. मी तिला सांगितलं, फोडेल. लिहिलेलं काहीही न वाचता बाजूला ठेवणं तुला जन्मात जमलेलं नाही. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा तू छपाईच्या तारखेपर्यंत वाचायचास आणि वर मला त्यातल्या चुका दाखवायचास. तेव्हा फोडलं आहेस, आणि इथपर्यंत आलाही आहेस.

आता कामाचं बोलते. तुझं हर्नियाचं ऑपरेशन चोवीस तारखेला आहे. वहिनीनं फोन करून सांगितलं; तिच्यावर डाफरू नकोस, तिनं केलं ते बरोबर केलं. हॉस्पीटलच्या फॉर्मवर एक प्रश्न होता म्हणे, घरात कुणाला भुलीच्या औषधाचा त्रास झाला होता का. त्यापुढे तू 'नाही' लिहिलंस. तिनं आईची आठवण करून दिली तर म्हणालास, माझ्या आईला काही झालेलं नव्हतं, तिला विक्षिप्त ठरवणाऱ्या कागदावर माझा विश्वास नाही. आणि पेनाला टोपण लावलंस.

ते टोपण काढ आणि 'हो' लिही.

मी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. काय बोलते ते मला कळतं. आईच्या रिपोर्टात जी इडिओसिंक्रसी लिहिली होती ती रक्तातून पुढे येते. तुझ्यात असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी निम्मी. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर काही अवघड नाही. ते वेगळी भूल देतात आणि उताऱ्याचं औषध हाताशी ठेवतात. माहीत नसलं, तर काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं आहे. तुला फक्त एक शब्द खोडून त्या जागी दुसरा लिहायचा आहे. आयुष्यभर प्रूफं तपासलीस, तुझं रोजचं काम आहे.

वीस तारखेपर्यंत वाट बघेन. त्या दिवशी वहिनीनं 'लिहिलं' असं सांगितलं नाही, तर तुझ्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करीन. धमकी समज हवं तर.

बाकी सर्व ठीक. लेक कॉलेजात आहे. दुकान चालू आहे.

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

माझं पत्र मला परत मिळालं. सात ठिकाणी लाल शाई. 'हॉस्पीटल'मधला 'पी' ऱ्हस्व, कबूल. पहिल्या परिच्छेदात एक स्वल्पविराम वाढवला आहेस, तोही कबूल, वाक्य खरंच सुधारलं. पण 'डाफरू नकोस' याच्याभोवती गोल कशाला? डाफरतोसच की.

पाच वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली टपाल. उलटसुलट करून बघितली, कुठे काही लिहिलंय का. समासात, त्या इंग्रजी शब्दाच्या शेजारी, दोनच शब्द होते. 'अर्थ तपासावा.'

तपासला. रविवारी दुकान बंद असतं, तर सार्वजनिक वाचनालयात गेले आणि दोन्ही हातांनी उचलावा लागतो तो कोश मागितला. ग्रंथपालबाई सर्दीनं बेजार होत्या, त्यांनी नुसतं कपाटाकडे बोट दाखवलं. मी कोशासमोर बसून कागदावर उतरवून घेतलं. तुझ्यासारख्यापुढे मोघम बोलून चालत नाही.

शब्द मूळचा ग्रीक. त्याचे तीन तुकडे. 'इडिओस' म्हणजे स्वतःचं, ज्याचं त्याचं. 'सिन' म्हणजे एकत्र. आणि 'क्रासिस' म्हणजे मिसळणं. ते लोक द्राक्षाची दारू पाणी घालून प्यायचे. ती ज्या मोठ्या भांड्यात मिसळायचे त्या भांड्याचं नावही याच धातूवरून आलं आहे. म्हणजे पूर्ण शब्दाचा सरळ अर्थ, ज्याचं त्याचं स्वतःचं मिश्रण. त्यांचे वैद्य मानायचे की शरीरात चार द्रव असतात, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि प्रत्येक माणसात ते आपापल्या प्रमाणात मिसळलेले असतात. म्हणून एकाला जे औषध लागू पडतं त्यानं दुसरा आडवा होतो. इंग्रजीत हा शब्द चारशे वर्षांपूर्वी आला तोही शरीराचा शब्द म्हणूनच. माणसाच्या सवयी, लहरी, तऱ्हेवाईकपणा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आणि रोजच्या बोलण्यात तोच उरला. वैद्यकात मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. माझ्या कॉलेजच्या पुस्तकातही तो आहे: एखाद्याच्याच अंगाला औषध भलतंच लागणं.

तुझ्यासाठी एक गंमत. याचं स्पेलिंग भलेभले चुकतात. शेवटी डेमोक्रसीसारखं लिहितात, जणू हे कुणाचं राज्य आहे. तिथे सी नाही, एस आहे. आणि इडियट हा शब्दही त्याच 'इडिओस'च्या घरातला. फक्त आपल्यापुरतं बघणारा, तो इडियट. तो शब्द कुणाला लागू करायचा ते सध्या मोकळं ठेवते.

घरी येताना चालत आले. वाटेत मनात आलं, आपल्याकडे यासाठी दोन साधे शब्द होतेच. प्रकृती. आणि मानवणे. आई दिवसातून दहादा म्हणायची तो. लोकर मानवत नाही, पंख्याचा वारा डावीकडून मानवत नाही, नव्या साबणाची वडी मानवत नाही, निळी चादर मानवत नाही. मोजे उलटे घालायची, शिवण बोचते म्हणून. तू तिच्या तऱ्हांची यादी करून वहीत लिहिली होतीस, क्रमांक घालून. बत्तीसवर थांबलास, कारण तिला ती वही सापडली आणि तिनं स्वतः तेहेतिसावी लिहिली.

आई गेल्यानंतर त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी सगळे नातलग बसलेले असताना तू रिपोर्ट वाचलास, खिशातला छोटा कोश काढलास आणि मोठ्यानं म्हणालास, "आई गेली आणि हे लिहितात की ती विक्षिप्त होती म्हणून गेली. आणि खाली नातेवाईक म्हणून सही हिची." तुझ्या कोशात एवढाच अर्थ होता, दादा. डॉक्टरांनी तिला नावं ठेवली नव्हती. तिच्या अंगातलं मिश्रण तिचं स्वतःचं होतं, त्याला ते औषध चाललं नाही, इतकंच त्यांनी लिहिलं होतं.

अर्थ तपासला. आता फॉर्म दुरुस्त कर.

तुझी बहीण

ता. क. चुका असतील तर हेही पत्र परत पाठव. मला चालेल.


१४ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला. पत्र दोनदा वाचलंस म्हणे, लाल पेन हातात घेऊन, आणि एकही खूण केली नाहीस. मग तिला म्हणालास, "शब्दाचं पटलं. पण ऑपरेशनआधी डॉक्टर विचारतातच. आईच्या वेळी तिथे कोण होतं आणि काय सांगितलं?"

पाच वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून जपतही होते. तिथे मी होते.

लहानशी खोली होती. तीन खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याची पद्धत सांगणारं चित्र. भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, फार तर तिशीच्या. पित्ताशयातले खडे काढायचे, ठरलेलं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. त्यांनी वय, वजन, रक्तदाब विचारला आणि मग विचारलं, आधी कधी भूल घेतली होती का. आई म्हणाली, "मला भूल मानवत नाही. विसाव्या वर्षी घेतली तर दातखीळ बसली होती आणि अंगाची भट्टी झाली होती. माझ्या मावशीला तर टेबलावरच संपवलं तिनं."

डॉक्टरांनी पेन उचललं. आणि मी हसले.

मी म्हटलं, "लिहू नका हो डॉक्टर. माझ्या आईला निळी चादरसुद्धा मानवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की मी फार्मासिस्ट आहे. ते मी कशाला सांगितलं असेन? त्यांनी तरी आईला विचारलं, औषध कोणतं होतं, कागद आहेत का. इतक्या वर्षांपूर्वीचे कागद कुठले असणार. आई नुसतं अंग तापलं होतं, अंग तापलं होतं असंच म्हणत राहिली. मी म्हटलं, ऑपरेशननंतर ताप येतो कधी कधी, आई. तिनं माझ्याकडे बघितलं. चिडली नाही. मला वाटतं, तिला थोडी लाजच वाटली, लेकीच्या ओळखीच्या जगात आपण काहीतरी अडाणीपणानं बोललो अशी. म्हणाली, "असेल बाई. तुला कळतं."

त्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं गेलं. पुढचं तुला माहीत आहे. ताप बेचाळीस सेल्सिअसवर गेला, उताऱ्याचं औषध दुसऱ्या हॉस्पिटलातून आणावं लागलं, आणि ते येईपर्यंत उशीर झाला होता. तो बाकीचा दिवस मी लिहीत नाही.

राहिलेलंही सांगून टाकते. टेबलाशी तू तो शब्द वाचलास आणि त्याचा भलता अर्थ सांगितलास, तेव्हा मला खरा अर्थ ठाऊक होता. मी तोंड उघडलं नाही. तू शब्दावर भांडत होतास तोवर त्या खोलीत काय झालं हे कुणी विचारणार नव्हतं. तू निघून गेलास, फोन बंद केलेस, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की माझ्या भावानं एका शब्दासाठी नातं तोडलं. लोकांनी माझी बाजू घेतली. मी घेऊ दिली.

त्या डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं, मुलांनी रक्त तपासून घ्यावं. मी तुला एका ओळीचा निरोप पाठवला. तू उघडलाही नसशील, आणि तू उघडणार नाहीस हे धरूनच मी तो पाठवला होता. स्वतःचं रक्तही तपासलं नाही. तपासायला गेलं की कारण विचारतात.

आता तुला राग कशाचा करायचा ते नीट कळलं आहे. तो कर. पण फॉर्मवर 'हो' लिही. माझ्यावरचा राग आणि तुझी भूल, दोन्ही एकाच कागदावर नकोत.

तुझी बहीण


१८ मार्च

बाटलीस,

लहानपणी तू रंगीत पाणी भरून खिडकीत ज्या बाटल्या मांडायचीस त्यावरून हे नाव मी ठेवलं होतं. पाच वर्षांत ते वापरण्याची वेळ आली नाही. दुसरा मायना सुचत नाही, म्हणून हाच लिहितो.

फॉर्म दुरुस्त केला. आज सकाळी हॉस्पिटलात जाऊन 'नाही' वर काट मारली, 'हो' लिहिलं आणि शेजारी सही केली. भूलतज्ज्ञ गृहस्थ वयस्क आहेत. त्यांनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, आई, आईची मावशी, आणखी कोण. मी सांगत गेलो तसं त्यांनी लिहून घेतलं. ऑपरेशन कमरेत सुई देऊन करणार आहेत, मी जागाच असेन. उताऱ्याचं औषध त्यांच्याकडे आहे. मी मागितल्यावर त्यांनी खोक्यावरची तारीखही दाखवली. रक्त तपासायला पाठवलं आहे, निकालाला महिना लागेल. तूही देऊन टाक. मी सांगतो म्हणून दे.

आता तुझ्या पत्राबद्दल. मुद्दा एक. तुला वाटतं की मी एकाच छोट्या कोशात बघितलं. त्या रात्री घरी येऊन मी आणखी तीन कोश उघडले. तिसऱ्यात वैद्यकीय अर्थ पहिल्या क्रमांकावर होता. मी तो वाचला आणि कोश जागेवर ठेवला. कुणालाही सांगितलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तुझ्या पत्राच्या समासात मी 'अर्थ तपासावा' असं लिहिलं तेव्हा मला अर्थ माहीत होता. तुला माहीत आहे का ते बघायचं होतं.

मुद्दा दोन, आणि हा मी कुणाजवळ बोललेलो नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आईनं मला फोन केला होता. म्हणाली, "तू जरा तिला सांग. ती ऐकत नाही माझं. मला भूल मानवत नाही रे." माझ्यासमोर एका शाळेच्या पुस्तकाची प्रूफं होती, दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. मी एका हातानं ओळीवर पट्टी धरून बोलत होतो. मी म्हटलं, ती म्हणेल तसं कर, तिचं शिक्षण त्यातलं आहे. आई म्हणाली, बरं. आणि मी पुढची ओळ वाचायला घेतली.

तू तिच्या शेजारी बसून तिचं ऐकलं नाहीस. मी लांब बसून ऐकलं नाही. त्या टेबलाशी मी एवढा आवाज चढवला तो तुझ्यावर नव्हता, पण दिशा तुझी होती. फॉर्मवर 'नाही' लिहिलं तेही त्यामुळेच. 'हो' लिहिलं असतं तर तो फोन झाला होता असं कबूल करावं लागलं असतं.

तुझ्या दुसऱ्या पत्रात दोन आणि तिसऱ्यात एक चूक आहे. दाखवणार नाही.

चोवीस तारखेला सकाळी सात वाजता मला आत घेतील. तुझी वहिनी बाहेर एकटी बसेल. दुकान बंद ठेवता येत असेल तर ये.

दादा


२९ एप्रिल

प्रिय दादा,

फोनवर सांगता आलं असतं, पण आता आपली पत्रांची सवय मोडायला नको असं वाटतं. वहिनी म्हणते, टाके भरले आणि तू प्रूफांना बसायला लागलास. वाकून बसू नकोस. उशी घे पाठीला.

त्या दिवशी वॉर्डातून निघाल्यावर मी तुला एक सांगितलं नव्हतं. सर्जन बाहेर आले तेव्हा वहिनी आणि मी दोघी उभ्या राहिलो. ते म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, ताप नाही, काही नाही, फक्त तुमचे पेशंट आत भिंतीवरच्या पाटीतली वेलांटी दुरुस्त करा म्हणून मागे लागले होते. वहिनी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा हात धरला. तिचं काय चुकलं होतं म्हणून तिच्याशीही मी तुटून वागले?

आणि मग तू. तुझे पाय अजून सुन्न होते, तरी हातानं चादर ओढून तू कडेला जागा केलीस. "बस," म्हणालास. मी बसले. मी येताना गाडीत सगळं ठरवून आले होते, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी तुला विचारलं, राग आहे का अजून. तू छताकडे बघत होतास. म्हणालास, "पाच वर्षं केला की तो. आता दुसरं काहीतरी करू."

त्यानंतर आपण दीड तास बोललो ते सगळं आईबद्दल होतं आणि त्यात ऑपरेशन एकदाही आलं नाही.

आता निकाल. तुझा तुला कळलाच आहे, माझा काल आला. आईच्या अंगात होतं ते तुझ्यात नाही, दादा. माझ्यात आहे. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून समजावलं. तुझ्याकडे नाही म्हणजे तुझ्या लेकीलाही भीती नाही. माझ्या लेकीचं रक्त सोमवारी देतोय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, म्हणजे आजीचं हे तुझ्याकडे आलं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तुझ्या सगळ्या तऱ्हा मी आता लिहून ठेवते." मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मला कोणती भूल चालत नाही ते लिहिलेलं एक कार्ड दिलंय, ते पर्समध्ये समोरच्या कप्प्यात ठेवलं आहे. बावीस वर्षं इतरांच्या गोळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आता माझ्यावर एक.

आज सकाळी अकराला आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाई दुकानात आल्या. त्यांना मी गेली कित्येक वर्षं दोन मिनिटांत वाटेला लावते, कारण त्यांना काहीच चालत नाही आणि ते सांगायला त्यांना फार वेळ लागतो. गुडघ्यासाठी नवी गोळी लिहून दिली होती. मी चिठ्ठी घेतली, गोळी काढली, आणि पिशवीत टाकायच्या आधी विचारलं, "बाई, पूर्वी कधी कोणतं औषध मानवलं नव्हतं का?"

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि सुरुवात केली. लग्नाआधी घेतलेल्या एका पातळ औषधापासून. मध्येच बहिणीचा खोकला आला, एका जुन्या डॉक्टरांची मिशी आली, शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. मी वही उघडून लिहीत होते. एक पान झालं. त्यांच्या मागे रांग लागली, कुणीतरी घसा खाकरला, कुणीतरी घड्याळ बघितलं. सातव्या की आठव्या गोष्टीशी त्या म्हणाल्या की एका गोळीनं ओठ सुजले होते, पण ते काही महत्त्वाचं नाही, जाऊ दे.

मी म्हटलं, ते पुन्हा सांगा, सावकाश. आणि हातातली गोळी बाजूला ठेवली. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसरी सुचवली.

रांग दारापर्यंत गेली होती. मी पान उलटलं आणि विचारलं, "बरं, पुढे?"

तुझी धाकटी